पाय दाखव

विमलकाकूंनी पहिल्या भेटीत माझं तोंड पाहिलंच नाही. मारेगावहून आत गेल्यावर लागणाऱ्या त्या गावात आम्ही बदलीवर आलो होतो. मी टेम्पोतून उतरले, तेवढ्यात शेजारच्या फाटकातून एक उंच, सावळी बाई पुढे आली आणि माझ्या पावलांकडे पाहत म्हणाली, "डाव्या टाचीत काही गेलं हाय तुह्या. आंग एका बाजूले टाकून राह्यली."

खरंच होतं ते. चपलेचा खिळा वर आला होता आणि यवतमाळपासून मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं. मी हसून माझं नाव सांगायला गेले.

"नाव मंग सांगजो. पाय दाखव."

मी कशाला दाखवते? नवीन गाव, रस्त्यावर मांडलेला संसार, बघायला जमलेली माणसं, आणि वयानं एवढी मोठी बाई माझा पाय हातात घेणार? मी ओशाळून घरात पळाले. थोड्या वेळानं उंबऱ्यावर एक वाटी दिसली. कोमट जवसाचं तेल, त्यात हळद. वाटीच्या काठाला कुत्र्याचे केस चिकटलेले. मी ते तेल तसंच्या तसं नालीत ओतलं आणि असली शेजारीण मिळाली म्हणून नवऱ्यापाशी दिवसभर भुणभुण केली.

माझा नवरा तिथल्या शाळेत मास्तर, म्हणून गावानं मला मास्तरीन करून टाकलं. मी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नाही. पण काकूंनी मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

काकूंच्या घरात सगळेच बांधलेले होते, असं मी म्हणायचे. आधी मनात, आणि पुढे पुढे मोठ्यानंही. अंगणातल्या कडुनिंबाला साखळीनं बांधलेली भुऱ्या आणि बिजली ही दोन शिकारी कुत्री. ओसरीत बाजेवर काकाजी, म्हणजे काकूंचे यजमान. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. आणि चौथ्या काकू. त्यांना कशानं बांधलेलं दिसत नव्हतं, पण फाटकाबाहेर रात्र काढायची म्हटलं तर सोय नव्हती.

काकाजी म्हणजे एके काळचं मोठं प्रस्थ. तरुणपणी ससे, रानडुकरं, काय काय मारलं म्हणे. पुढे कायद्यानं शिकार बंद झाली, बंदूक गेली, पण कुत्र्यांचं वेड गेलं नाही. त्याच रक्ताची पिल्लं ते पाळत राहिले. लांब पायांची, पोट पाठीला लागलेली, धावायला लागली की जमिनीला टेकतात की नाही असं वाटावं अशी. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, नाहीतर तुरीत डुकरं शिरली की हीच कुत्री सोडायची. मारायचं नाही, नुसतं पिटाळायचं. आणि या कुत्र्यांच्या पायांसाठी काकाजींनी अख्ख्या गावाशी वैर घेतलं होतं. ते मी काकूंच्याच तोंडून ऐकलं, कारण मी गेले तेव्हा काकाजी बाजेवरच होते.

तूर विळ्यानं तिरपी कापली की जमिनीत उरलेल्या धसकटाला टोक येतं. धावत्या कुत्र्याचा पंजा त्यावर पडला की तळव्याची गादी चिरलीच म्हणून समजा. कापणीच्या वेळी काकाजी बांधावर उभे राहून मजूर बायांवर ओरडायचे, "सरळ काप! जमिनीले धरून काप!" आपल्या वावरात ओरडा हो, कोण नाही म्हणतंय? पण हा माणूस कुऱ्हाड घेऊन शेजाऱ्याच्या वावरात शिरायचा आणि धसकटांची टोकं ठेचत सुटायचा. बाया वैतागून म्हणायच्या, "कुत्र्यायले चपला घेऊन द्या न पाटील, आमच्या कंबरा कायले मोडता?"

पाटलांनी ते मनावर घेतलं. खरंच चपला करवल्या, अर्थात काकूंकडून. मुलाच्या, प्रवीणच्या, जुन्या जीन पँटचे तुकडे, खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तळ आणि वरून नाडी. त्या घालून कुत्री असे उचलून उचलून पाय टाकायची, की जणू वाटेत कोणी शेण सांडून ठेवलंय. दुपारपर्यंत दोन चपला वावरात, एक विहिरीत, एक भुऱ्याच्या पोटात आणि बाकीच्यांचा पत्ता नाही. काकूंनी मात्र उरलेल्या कापडाच्या आणखी शिवून ठेवल्या. जखमी पायाला घालायला त्या कामी यायच्या.

लकवा झाल्यावर काकाजींचं ओरडणं थांबलं, कुऱ्हाड ओसरीच्या कोपऱ्यात उभी राहिली. राहिली ती फक्त तपासणी. दिवेलागणीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, कुत्री वावरातून घेऊन आला, की काकू घमेल्यात मिठाचं कोमट पाणी घेऊन बाजेपाशी बसायच्या. एकेक पंजा धुवायचा. बोटांच्या बेचक्यात वाळलेल्या काळ्या मातीचे खडे काढायचे. गवताचं कुसळ दिसलं तर चिमट्यानं ओढायचं, कारण ते राहिलं तर आत आत सरकत जातं आणि पाय पिकतो. मग मेण आणि जवसाचं तेल एकत्र कढवून केलेला मलम तळव्याला, तोही बेतानं. "लय लावला तं गादी लोन्यावानी मऊ पडते," काकू सांगायच्या, "अन् कोरडी ठेवली तं फाटते. भाकरीच्या पिठावानी राह्यली पायजे."

इतकं झालं की पंजा काकाजींच्या डाव्या हातात द्यायचा. तो हात बाजेच्या कडेवरून खाली लोंबत असायचा, आणि नजर वर छताला. बोटं गादी चाचपायची, नखं चाचपायची, बेचक्यात शिरायची. सगळं ठीक असलं की एकच शब्द यायचा, "दुसरा." आठही पाय झाले की मगच काकाजी जेवायला तोंड उघडायचे. सालदारानं एकदा पंजा धरायला हात पुढे केला, तर भुऱ्यानं त्याची बाही फाडली. पूर्वी काकाजी स्वतः पाय धुवायचे आणि काकू शेजारी पाणी घेऊन बसायच्या, म्हणून कुत्र्यांना काकूंचा तेवढा हात माहीत होता.

काकूंना कुत्री आवडायची का? छे! "माह्या हातात असतं तं मी मांजर पाळली असती," त्या म्हणायच्या. "मांजरीचे पाय कोनी इचारत नाई."

मला काकाजींचा राग यायचा. आजही सांगायला लाज वाटत नाही, चांगला संताप यायचा. बायको अंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, आणि तुम्हाला पडलंय ते कुत्र्याच्या तळव्याचं! त्या बाईच्या टाचा कधी पाहिल्यात का? उन्हाळ्यात आमच्याकडची काळी जमीन फाटते तशा फाटल्या होत्या. साऱ्या जगाच्या पायांकडे बघणारी बाई स्वतः पातळाचा काठ ओढून पाय झाकून बसायची.

काकूंना या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती. दिग्रसला जायचं होतं, थोरल्या बहिणीकडे, शकुताईंकडे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे काकूंना न्हाऊमाखू घातलं, वेणीफणी केली ती शकुताईंनीच. आता शकुताईंचे डोळे चालले होते. साखरेनं आतून खराब झाले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. दर फोनला त्यांना थोडं थोडं कमी दिसत असायचं. आधी म्हणाल्या, पेपर वाचता येत नाही. मग म्हणाल्या, तांदळातले खडे दिसत नाहीत. आणि एक दिवस म्हणाल्या, "विमल, तुह्यं तोंड दिसते तवरक येऊन जाय वं. मंग आली काय अन् नाई आली काय."

फोन ठेवून काकू पायरीवर बसल्या. मी भिंतीच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते.

"आठ दिवस, मास्तरीन," त्या म्हणाल्या. "फकस्त आठ दिवस. लय मागून राह्यली काय मी?"

त्यावर काकूंनीच एक शक्कल काढली. उन्हाळ्यात तळपायाची आग होते तेव्हा आपल्याकडे बाया तळव्यांना मेंदी थापतात. थंड वाटतं आणि कातडीही घट्ट होते. काकूंना वाटलं, कुत्र्यांच्या गाद्या एकदा अशा घट्ट करून टाकल्या की आठ दिवस ना तेल ना पाणी, आणि आपण मोकळ्या! आम्ही दोघींनी घमेलंभर मेंदी कालवली. म्हणजे पंजे काकूंनी धरले, मी लांबूनच थापली. वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. सकाळी पिशव्या सोडल्या, तर काय! पंज्यांवरचे केस लालभडक. भुऱ्याचे तर पार वरपर्यंत रंगलेले. सालदार कुत्र्यांना घेऊन गावातून निघाला आणि जिकडे तिकडे हसाहशी झाली. "पाटलीनबाई, वरात कधी हाय?" असं विचारायला लोक फाटकाशी यायला लागले.

संध्याकाळी तपासणीच्या वेळी काकाजींनी बिजलीचा पंजा हातात घेतला. काहीतरी वेगळं लागलं म्हणून मान वळवून खाली पाहिलं. पाहत राहिले. "नवरी," ते म्हणाले आणि अर्ध्या तोंडानं हसले. लकव्यानंतर ते हसलेले कोणी पाहिलं नव्हतं. काकू पण पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की घमेलं सांडलं. दोनच दिवस गेले. मेंदीनं गाद्या घट्ट झाल्या, नको तितक्या घट्ट झाल्या, आणि बिजलीची गादी तडकली. पुन्हा तेल, पुन्हा पाणी, दुप्पट.

दिवाळीत प्रवीण पुण्याहून आला. कंपनीत मोठा साहेब आहे तो. म्हणाला, "आई, तू जा. मी आहे ना. त्यात काय अवघड आहे?" काकूंनी त्याला सगळं दाखवलं, समजावलं. मी त्यांना मारेगावच्या स्टँडवर सोडायला गेले. नवं पातळ नेसल्या होत्या. पिशवीत घरची तूरडाळ आणि जवसाची चटणी होती. यवतमाळची गाडी लागली, पुढे तिथून दिग्रस. काकूंनी दांड्याला हात घातला आणि फोन वाजला.

प्रवीण होता. कुत्री पंजा देत नाहीत, तू निघाल्यापासून बाबांनी दात मिटून घेतलेत, औषधही आत जात नाही. आई, तू ये.

"बसा गाडीत!" मी भर स्टँडवर ओरडले. "एक दिवस उपाशी राहिल्यानं कोणी मरत नाही! शकुताईंचे डोळे थांबणार आहेत का?"

काकू गाडीच्या पायरीकडे बघत उभ्या राहिल्या. "मी गेली तरी जीव तं इथीच राह्यते न, मास्तरीन," त्या म्हणाल्या. "नुसतं आंग नेऊन शकुले काय दाखवू?" कंडक्टरनं घंटी मारली. आम्ही परत आलो. वाटेत मला इतका राग आला होता, की कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

मग तुरीची कापणी झाली. एका सकाळी डुकरामागे गेलेली बिजली परत आली नाही. काकू कोपऱ्यातली एक कापडी चप्पल घेऊन तिला शोधायला निघाल्या. शेजाऱ्याच्या वावरात काकाजींची कुऱ्हाड आता कोणी घेऊन जात नव्हतं, त्यामुळे सगळी धसकटं तिरपी, टोकदार. बांधाशी बिजली पंजा वर धरून बसलेली सापडली. काकूंनी तिला चप्पल बांधली, हळूहळू चालवत घरी आणलं. त्यांच्या मागे मागे ओसरीपर्यंत रक्ताचे ठसे उमटले होते. मला वाटलं बिजलीचे. बघते तर काकूंच्या चपलेतून धसकट आरपार तळव्यात गेलेलं.

"तुमच्या काकाजीले सांगू नोको," त्यांनी आधी बजावलं, मगच मला पाय पाहू दिला. मारेगावला नेऊन सुई टोचून आणली, पट्टी बांधली. घरी येताच त्या पोळ्यांना बसल्या.

संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. काकूंनी मला पाणी तेवढं गरम करू दिलं. बिजलीचा चिरलेला पंजा हातात आला तशी काकाजींची बोटं थबकली. "धसकट," ते म्हणाले. मग तिचे बाकीचे तीन, मग भुऱ्याचे चारही. आठ पाय झाले. काकू गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. काकाजींचा हात मात्र खाली तसाच उघडा होता.

"दुसरा," ते म्हणाले.

"झाले न आठी," काकू म्हणाल्या.

"तुह्या."

काकूंचा चेहराच उतरला. दिवसभर बाजेवर पडलेल्या माणसाला दुसरं असतं काय? पावलंच ऐकत असतो तो. काकाजींनी शब्द जुळवत जुळवत सांगितलं, "सकाऊनपासून... पाऊल... येगळं वाजते."

"अवं माय! काही तरीच काय!" काकू मागे सरकल्या. "पाप लावता काय मले?"

नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! लग्नात सप्तपदीला अंगठा धरला असेल तेवढाच. मला वाटलं आपण इथे नको, म्हणून मी उठले. काकूंनी माझा हात घट्ट धरून मला खाली बसवलं.

"पाय," काकाजी म्हणाले. "दाखव."

काकूंनी पाय बाजेच्या कडेवर ठेवला. काकाजींची बोटं पट्टीवर क्षणभर थांबली आणि टाचेकडे गेली. एकेका भेगेतून फिरली. कुत्र्याच्या पंज्याला जेवढा वेळ लागायचा त्याहून कितीतरी जास्त वेळ. छताकडची नजर खाली आली होती.

"कोरडी," ते म्हणाले. "फाटली."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता, त्या हातात टाच होती. "कुत्रे... देऊन टाक," ते म्हणाले. "दिग्रसले... जाय." काकू हुंदका देऊन रडल्या. मीही रडले. त्या माणसावर मी इतकी वर्षं चिडले होते, आणि त्या संध्याकाळी मला त्यांच्यावर नीट चिडताही येईना.

कुत्री न्यायला केळापूरकडचा एक शेतकरी गाडी घेऊन आला. त्याच्याही वावरात डुकरांचा धुमाकूळ होता. काकूंनी त्याला मलमाची बरणी दिली, चपला दिल्या, आणि मीठ किती, पाणी किती गरम, ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. गाडी सुरू झाली तेव्हा भुऱ्यानं जाळीतून पंजा बाहेर काढला. काकूंनी तो हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि सोडला. मांजर पाळणार होती म्हणे ही बाई! दोन दिवस अंगण झाडायला बाहेर आली नाही.

पाय भरून यायला आणि प्रवीणला सुट्टी मिळायला उन्हाळा उजाडला. तोवर आमचीही बदली झाली. काकू सकाळी सकाळी दिग्रसला निघाल्या तेव्हा मी सामान बांधत होते. त्या परत येईपर्यंत मी तिथे नसणार, हे दोघींना माहीत होतं. काकू फाटकाशी थांबल्या, माझ्या पायांकडे पाहिलं. "टाच बरी हाय न तुह्यी?" एवढंच विचारलं. या वेळी स्टँडवर प्रवीण गेला.

त्याच संध्याकाळी मी निरोप घ्यायला काकाजींकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा टेम्पो निघणार होता. कडुनिंबाखाली साखळ्या रिकाम्या पडल्या होत्या. काकाजींचा डावा हात बाजेवरून खाली लोंबत होता आणि बोटं उघडत होती, मिटत होती. प्रवीण ताट घेऊन बसला होता. काकाजींचे दात मिटलेले.

म्हणजे आता पुन्हा फोन, पुन्हा तेच, आणि ती बाई अर्ध्या वाटेवरून नाही तर बहिणीच्या दारातून परत येणार. "प्रवीण, फोन करू नकोस," मी म्हणाले. पण त्यानं व्हिडिओ कॉल लावलाही होता.

पडद्यावर काकू दिसल्या. त्यांच्या गालाला जवळजवळ गाल लावून शकुताई. त्यांना अगदी जवळूनच काय ते दिसत होतं. त्या फोनकडे बघतच नव्हत्या, काकूंकडे बघत होत्या.

"जेवले काय?" काकूंनी विचारलं.

प्रवीणनं फोन काकाजींसमोर धरला. ते म्हणाले, "पाय."

माझं डोकं भडकलं. "काकाजी, अहो, तोंड तरी पाहा त्यांचं!"

पण तिकडे काकू हसल्या. पडदा हलला, भिंत दिसली, स्टूल दिसलं आणि स्टुलावर दोन तळवे आले. मेंदी लावलेले. शकुताईंनीच लावली असणार, चाचपत चाचपत, कारण ठिपके एकमेकांत घुसले होते आणि टाचा नुसत्याच थापल्या होत्या. भेगाभेगांत लाल रंग भरला होता. काकाजींनी डावं बोट काचेवर ठेवलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत नेलं. सावकाश.

"दुसरा," ते म्हणाले.

दुसरा पाय पुढे सरकला. त्यावरूनही बोट फिरलं.

"नवरी," काकाजी म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं. प्रवीणनं घास भरवला.

तिकडून आवाज आला, "मास्तरीन, काय झालं वं? जेवले काय ते?"

"जेवून राह्यले, काकू!" मी ओरडून सांगितलं.

मग काकूंनी भीत भीत विचारलं, "मंग राहू न मी आठ दिवस?"

"राहा!" मी म्हणाले. "खुशाल राहा!"

पडद्यावरचे ते लाल पाय एकमेकांवर घासले गेले आणि स्टुलावरून उतरून निघून गेले.